वाचकांचे प्रश्न : धूळ फुप्फुसात, उपाय ताटात?

धुळीच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो : काय खाल्ले म्हणजे धूळ बाधणार नाही? या अंकात त्यातली काही पत्रे घेतली आहेत. उत्तर धुळीप्रमाणे बदलते, म्हणून प्रत्येकाचे काम पत्राबरोबर दिले आहे.

मी दगड आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्या कापतो. दिवसभर नाकातोंडात पांढरी भुकटी जाते. जुने कारागीर सांगतात, काम संपले की दोन केळी किंवा गुळाचा खडा खा, धूळ पोटात उतरून निघून जाते. हे खरे आहे का?
– लादी कापणारा कारागीर

खरे नाही. या समजुतीवर विसंबून माणसे तोंडावर काही न बांधता काम करतात, म्हणून हे स्पष्टच सांगायला हवे.

घशाशी दोन वाटा फुटतात. अन्ननलिका पोटाकडे जाते आणि श्वासनलिका फुप्फुसाकडे. केळे, गूळ, दूध, पाणी, जे काही गिळाल ते पहिल्या वाटेने जाते. साधारण दहा मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे धूलिकण नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांमध्येच अडकतात. तिथला चिकट स्राव त्यांना वर ढकलतो आणि आपण नकळत ते गिळतो किंवा थुंकतो. केळ्याने घसा मोकळा वाटतो तो याच धुळीपुरता. ती धूळ केळ्याशिवायही गेलीच असती.

घात करते ती चार मायक्रॉनहून बारीक धूळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. ही धूळ थेट वायुकोशांपर्यंत पोचते. तिथल्या भक्षक पेशी सिलिकाचा, म्हणजे दगडातल्या आणि क्वार्ट्झमधल्या खनिजाचा, कण गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. प्रत्येक फेरीत आजूबाजूला व्रण धरत जातो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. ही बारीक धूळ एरवीच्या उजेडात डोळ्यांना दिसतही नाही. पायाशी साचलेला पांढरा ढीग दिसतो म्हणून आपण त्याला भितो, पण छातीत जाणारी धूळ मुख्यतः त्या ढिगात नसते. काम थांबल्यावरही ती कितीतरी वेळ हवेत तरंगत असते.

गुळाबद्दल एक प्रयोग जरूर झाला आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांच्या फुप्फुसात कोळशाची आणि सिलिकाची धूळ घातली आणि काहींना नव्वद दिवस, आठवड्यातून पाच वेळा, अर्धा ग्रॅम गूळ दिला. गूळ मिळालेल्या उंदरांत धूळ फुप्फुसातून लसिका ग्रंथींकडे जास्त सरकलेली आढळली आणि इजाही कमी दिसली. एवढ्यावरून माणसाला गूळ लावून देता येत नाही. उंदीर दोनशे ग्रॅमचा धरला तर साठ किलोच्या माणसाला त्याच हिशेबाने रोज दीडशे ग्रॅम गूळ होतो. तो रोज खाल्ला तर फुप्फुसाआधी रक्तातल्या साखरेची काळजी करावी लागेल.

तुमच्या कामात खरे रक्षण करते ते पाणी. कापणाऱ्या पात्यावर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सतत पडले पाहिजे, आणि ते पाते दगडात शिरते त्या जागीच पडले पाहिजे. बाटलीच्या बुचाला भोक पाडून थेंब थेंब सोडण्याची पद्धत इथे निकामी आहे : लादी ओली दिसते, पण धूळ उडतच राहते. पाण्याने झालेला चिखल ओला असतानाच पुसून घ्या. तो रात्रभर वाळू दिला आणि सकाळी झाडूने लोटला, की आदल्या दिवशी दाबलेली धूळ पुन्हा हवेत येते. कपड्यांवरची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. पाणी असले तरी चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क लागतोच. दाढीच्या खुंटांमुळे त्याच्या कडेला फट राहते आणि सगळा श्वास त्या फटीतून ओढला जातो. रुमालाचा काही उपयोग नाही. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लाद्यांच्या वापरावर बंदी घातली, ती तरुण कारागिरांना होणाऱ्या याच रोगामुळे.

केळी खायला हरकत काहीच नाही. हात आणि तोंड धुऊन, कामाच्या जागेपासून दूर बसून खा.

आमचे काम जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचे. रक्तात शिसे निघाले आहे. लसूण खा, लिंबू घ्या, असे जो तो सांगतो. नेमके काय आणि कधी खावे?
– बॅटरी कामगार

तुमच्या प्रश्नात 'कधी' हा शब्द आला याचा आनंद झाला, कारण इथे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शिशाच्या धुळीचा बराच भाग हातांवरून, ओठांवरून, विडी-सिगारेटवरून पोटात जातो. पोटाच्या वाटेवर अन्नाला खरोखर काही करता येते. सिलिकापेक्षा तुमची गोष्ट वेगळी आहे ती यामुळे.

रिकाम्या पोटी गिळलेल्या विरघळणाऱ्या शिशापैकी साठ टक्क्यांच्या आसपास शिसे मोठ्या माणसाच्या रक्तात उतरू शकते. तेच जेवणाबरोबर गेले तर दहा टक्क्यांच्या आत राहते. उपाशीपोटी किंवा नुसत्या चहावर पाळीला जाणे ही या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. कामावर जाण्याआधी पोटभर खा. मधल्या सुट्टीतही काही खा, मात्र हात धुतल्यावरच.

ताटात तीन गोष्टी असाव्यात. पहिली लोह, कारण शिसे आतड्यात लोहाच्याच दारातून आत शिरते. शरीरात लोह कमी असले की ती दारे वाढतात आणि शिशालाही मोकळी वाट मिळते. कॅडमियम आणि मँगनीज या धातूंचेही असेच होते. मसूर, हरभरा, राजमा, पालेभाज्या रोज असाव्यात. शिजलेल्या मसुरीच्या शंभर ग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. वनस्पतीतले लोह अंगी सहज लागत नाही, म्हणून दुसरी गोष्ट क जीवनसत्त्व, आणि ते त्याच घासाबरोबर हवे. पन्नास ग्रॅम कच्ची ढोबळी मिरची किंवा अर्धा पेरू पुरेसा होतो. लिंबू पिळायचे ते वाढल्यानंतर. भांडे चुलीवर असताना पिळले तर बरेचसे जीवनसत्त्व उष्णतेने जाते. तिसरी गोष्ट कॅल्शियम : तीळ, दूध, दही. पालकात कॅल्शियम भरपूर असते, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे ते जेमतेम वीसातला एक भाग अंगी लागते. म्हणून कॅल्शियमसाठी पालकावर अवलंबून राहू नका. चहा जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर टाळा, तो लोह अडवतो. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नयेत.

पेक्टिनबद्दलही विचारले जाते. सफरचंद, लिंबूवर्गीय फळांची पांढरी साल, पेरू यांत हा चिकट तंतू असतो आणि तो आतड्यात धातूंना धरतो. रशियाच्या नियमांत शिशाच्या कामगारांना कामाआधी दोन ग्रॅम पेक्टिन किंवा त्याऐवजी गरासकट फळांचा तीनशे ग्रॅम रस देण्याची तरतूद होती. रस गाळला की पेक्टिनही बरेचसे गाळले जाते, म्हणून फळ चावून खाल्लेले बरे.

लसणावर इराणमध्ये बॅटरी कारखान्यातल्या कामगारांचा एक अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवडे लसणाच्या गोळ्या घेतल्यावर रक्तातले शिसे सरासरी ४३ वरून ३५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरवर आले. घट खरी आहे. पण ३५ हाही धोकादायक आकडा आहे : अमेरिकेत ३.५ किंवा त्याहून अधिक झाले की मोठ्या माणसाच्या रक्तातले शिसे वाढलेले मानतात. शिवाय गोळीतला लसूण मोजून दिलेला होता. फोडणीतल्या दोन पाकळ्यांकडून तेवढीच अपेक्षा ठेवता येत नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट कोणत्याही ताटाने साधत नाही. वितळणाऱ्या शिशाचा धूर आणि अगदी बारीक धूळ श्वासातून आत गेली, की ती जवळजवळ सगळी रक्तात उतरते. तिथे आतड्याचा संबंधच येत नाही. म्हणून हवा ओढून घेणारी यंत्रणा आणि मास्क यांची जागा मसूर घेऊ शकत नाही. हातांचेही ऐका : साध्या साबणाने हात स्वच्छ दिसले तरी त्यांवर शिसे उरते. धातू काढण्यासाठी खास बनवलेले हातपुसणे किंवा साबण मिळतो, तो कारखान्याकडे मागा. कामाचे कपडे कामावरच बदला. घरी नेलेच तर मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. मुलांचे आतडे शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषते.

माझे पती वेल्डर आहेत आणि धूम्रपानही करतात. फुप्फुसासाठी म्हणून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणल्या आहेत. गाजरातलेच सत्त्व आहे, तर नुकसान काय?
– एक गृहिणी

कृपा करून त्या गोळ्या आजच बंद करा. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत १८ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांत धूम्रपान करणारे होते, तसे ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दिले. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. धुळीच्या कामगारांचे रक्षण होईल या आशेने केलेला हा प्रयोग होता. सत्त्व काढून गोळीत भरले की ते भाजीसारखे वागेलच असे नाही, हे त्यातून कळले.

गाजर मात्र खुशाल खाऊ द्या. स्वीडनमध्ये ४४ हजार पुरुषांचा सुमारे तेरा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांत फळे-भाज्यांच्या रोजच्या प्रत्येक वाढीव वाढणीमागे श्वासनलिकांच्या दीर्घ रोगाचा (सीओपीडी) धोका आठ टक्क्यांनी कमी दिसला. भाज्या खाणारी माणसे इतर बाबतींतही काळजी घेतात, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या, बटाटा सोडून, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. पाच ओंजळी धरल्या तर चुकत नाही. धूम्रपान करणाऱ्याला क जीवनसत्त्व इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम अधिक लागते. धूम्रपान सुटले तर या सगळ्या हिशेबापेक्षा मोठे काम होईल.

घराजवळच धातू वितळवण्याचा कारखाना आहे. परसात पालक, मुळा, टोमॅटो लावले आहेत. ताजी भाजी म्हणून आम्ही तीच खातो. धुतली की चालते ना?
– परसबाग करणाऱ्या वाचक

अर्धीच धुतली जाते. पानांवर बसलेली धूळ निघते, पण मुळांनी मातीतून ओढलेले कॅडमियम आणि शिसे पानाच्या आत असते. ते कितीही धुतले तरी निघत नाही. पालेभाज्या आणि कंदमुळे या बाबतीत सर्वांत वाईट. कॅडमियम तर पालेभाज्या विशेष ओढून घेतात. टोमॅटो, वांगी, मिरची, शेंगा यांच्या फळात धातू सर्वांत कमी पोचतात. संरक्षणासाठी म्हणून खाल्लेली पालकाची जुडीच धातू घेऊन येत असेल, तर त्या ताटाचा काय उपयोग?

आधी माती तपासून घ्या, शिसे आणि कॅडमियम दोन्हीसाठी. निकाल येईपर्यंत पालक आणि मुळा थांबवा, टोमॅटो राहू द्या. माती खराब निघाली तर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा किमान तीस सेंटिमीटर उंच वाफा करा आणि खाली जाड कापड अंथरा, म्हणजे मुळे जुन्या मातीत उतरणार नाहीत. रंग दिलेली जुनी लाकडे वाफ्याच्या कडांना वापरू नका, जुन्या रंगातच शिसे असू शकते. मातीचा सामू (आम्लतेचे माप, pH) ६.५ ते ७ ठेवा : आम्ल मातीत धातू विरघळून मुळांना सहज मिळतात. चांगले कुजलेले कंपोस्ट त्यांना धरून ठेवते. रोपांभोवती आच्छादन घाला, नाहीतर पावसाच्या थेंबांनी माती उडून पानांच्या पाठीला चिकटते.

पाने धुताना बाहेरची दोन-तीन टाकून द्या. उरलेली सुटी करून लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून काही मिनिटे बुडवा, हलवा, आणि मग वाहत्या पाण्याखाली एकेक धुवा. जुडी बांधलेली तशीच बुडवली तर देठांच्या बेचक्यात माती राहते. देठाजवळ नखाने खरवडून पाहा, काळपट रेघ निघते ती तीच. मुळ्याची साल जाडच काढा.

ब्रोकोलीचे मोड प्रदूषण शरीराबाहेर काढतात असे वाचले. घरी कसे करावेत?
– सिमेंटच्या गोदामातील हिशेबनीस

चीनमधल्या चिडोंग भागात २९१ माणसांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचे पेय दिले. २०१४ मध्ये निकाल आला : लघवीतून बेंझीन या हवेतल्या प्रदूषकाचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. हा चांगला आणि नीट केलेला अभ्यास आहे. पण बेंझीन विरघळणारे रसायन आहे आणि सिमेंटची धूळ म्हणजे खनिजाचे कण. कणांना यकृतातून बाहेर काढता येत नाही. तेव्हा मोड खा, पण सिमेंटवरचा उतारा म्हणून नको.

करायचे तर खाण्यासाठीच विकलेले बी घ्या. पेरणीच्या बियांना बुरशीनाशक लावलेले असू शकते. दोन मोठे चमचे बी लिटरच्या बरणीत सहा ते आठ तास भिजवा. पाणी ओता, तोंडाला जाळीचे कापड बांधा, बरणी तिरपी पालथी ठेवा. दिवसातून तीनदा धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या. तीन ते पाच दिवसांत तयार होतात. पाणी तळाशी साचले तर कुजका वास येतो, मग सगळे फेकून द्यायचे. ओल्या उबेत जंतूही मोडांबरोबरच वाढतात, म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. त्यांच्यासाठी साधी ब्रोकोली बरी : चिरून चाळीस मिनिटे ठेवा आणि मग शिजवा. ब्रोकोलीतले उपयोगी द्रव्य, सल्फोराफेन, चिरल्यावरच तयार होते आणि लगेच उष्णता दिली तर ते घडवणारे विकर (एन्झाइम) मरते. वेळ नसेल तर शिजलेल्या भाजीवर पाव चमचा कच्च्या मोहरीची पूड घाला. मोहरीत तेच विकर असते.

धुळीने घसा खवखवतो म्हणून ज्येष्ठमध चघळतो आणि रात्री हळदीचे दूध घेतो. चालेल?
– सूतगिरणी कामगार

हळदीचे दूध चालेल. त्यातले करक्युमिन फारच थोडे शोषले जाते, त्यामुळे मोठी अपेक्षा नको. करक्युमिनच्या तीव्र गोळ्या टाळा, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फार झगझगीत पिवळी सुटी पूडही नको : रंग खुलवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत, आणि ते शिसेच आहे. ज्येष्ठमध रोज चघळल्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाब असेल तर सोडून द्या. तुमच्या पत्रात एक ओळ आहे : सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे कमी होते. कापसाच्या धुळीच्या रोगाची ही ओळखीची खूण आहे. पाळीच्या आधी आणि नंतर श्वासाची चाचणी करून घ्या.

बेकरीत पिठाने शिंका येतात, आता दमही लागतो. कोणते फळ घ्यावे?
– बेकरी कामगार

फळाचा प्रश्न नाही, ही पिठाची ॲलर्जी आहे. ती धरली की थोड्या पिठानेही दमा उठतो. पीठ उंचावरून ओतू नका, पोते झटकू नका, कोरड्या झाडूऐवजी ओले पुसा आणि डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा.

वडिलांना सिलिकोसिस झाल्याचे निदान झाले आहे. वजन घटते आहे, जेवताना दम लागतो. कोणती भाजी व्रण विरघळवते?
– मुलगी

धरलेला व्रण विरघळवणारी भाजी नाही, औषधही नाही. जेवण मात्र सोपे करता येते, आणि वजन टिकणे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचे आहे. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे द्या. भरलेले पोट श्वासपटलाला वर दाबते, दम लागतो तो त्यामुळेही. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, आणि पाठ सरळ ठेवून बसणे. घास कमी पण कसदार हवेत : दाट वरणात तेल किंवा तूप, शेंगदाण्याचे कूट, दही, अंडे चालत असेल तर अंडे. पातळ सूप आधी दिले तर पोट भरते आणि ताकद मिळत नाही. कोबी किंवा राजम्याने पोट फुगत असेल तर ते बाजूला ठेवा. ऑक्सिजन चालू असेल तर जेवतानाही नाकातली नळी काढू नका.

वजन घटण्याचे कारण आहारातच आहे असे धरून बसू नका. सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षयरोगाचे जंतू सहज घर करतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम यांपैकी काही असेल तर या आठवड्यातच थुंकीची तपासणी करा, आणि वडील धुळीत काम करत होते हे तिथे आपणहून सांगा.